पकड, प्रमाद आणि प्रायश्चित्त

मनुष्याच्या अंगी जे बळ असते, त्याला मर्यादा घालणे हे प्रत्येक समाजाचे आद्य कार्य होय. बळ नसलेला समाज टिकत नाही आणि ज्याचे बळ अनिर्बंध आहे तो समाज राहत नाही, टोळी बनतो. या दोन टोकांच्या मध्ये ज्या संस्था मनुष्याने निर्माण केल्या, त्यांत खेळाचे स्थान फार मोठे आहे. दोन माणसांनी परस्परांना धरावे, खाली पाडावे आणि तरीही सायंकाळी एका पंगतीला बसावे, हे केवळ खेळातच संभवते. हुतूतूची परंपरा सांगणाऱ्या मराठी माणसाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. चढाई करणाऱ्या गड्याला चौघांनी मिळून दाबून धरावे, परंतु त्याचे तोंड बंद करू नये, पायांची कात्री घालू नये, त्याला इजा होईल अशी आडदांड पकड करू नये, असे नियम कबड्डीच्या पुस्तकात आहेत. पकड असावी, पण ती माणसाचे अंग मोडणारी नसावी, हे त्या नियमांचे सार.

हेच सार ज्या खेळात आज अत्यंत कसोटीला लागले आहे, तो खेळ म्हणजे इंग्लंडच्या उत्तर भागात जन्मलेला आणि ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर वाढलेला रग्बी लीग. मॉरिशसच्या मैदानांवर फुटबॉलचे राज्य असल्यामुळे येथील मराठी वाचकांना हा खेळ अपरिचित वाटेल. तथापि या बेटावरून ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या थोडी नाही. सिडनी अथवा ब्रिस्बेनच्या शाळेत जाणारा नातू जेव्हा आपल्या आजीला दूरध्वनीवरून सांगतो की, तो आता ‘फूटी’ खेळतो, तेव्हा त्या माउलीला तो कोणत्या खेळाविषयी बोलतो, त्यात त्याची मान सुरक्षित आहे की नाही, आणि कोणी त्याला अयोग्य रीतीने आपटले तर त्याची दाद कोठे लागते, हे जाणण्याचा पूर्ण अधिकार आहे.

या खेळाचा जन्म श्रमिकांच्या पोटातून झाला, ही गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. 29 ऑगस्ट 1895 रोजी इंग्लंडमधील हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील रग्बी क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि त्यांनी ‘नॉर्दर्न युनियन’ ही स्वतंत्र संघटना स्थापिली. वादाचे कारण पैशाचे होते, परंतु लोभाचे नव्हते. यॉर्कशर व लँकेशर या परगण्यांतील खेळाडू गिरण्यांत आणि खाणींत राबणारे होते. शनिवारी सामना खेळावयाचा म्हणजे कामाचा खाडा होई व मजुरी बुडे. बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूस मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. लंडनच्या सुखवस्तू धुरीणांना ती खेळाच्या पावित्र्याला बाध आणणारी वाटली. अखेर उत्तरेकडील क्लब वेगळे झाले आणि दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याची मुभा त्यांनी दिली.

एका दिवसाच्या मजुरीचे मोल काय असते, हे ज्यांचे पणजोबा महिना पाच रुपयांच्या कराराने उसाच्या मळ्यांत राबले, त्यांना सांगावयास नको. मॉरिशसच्या मळ्यांवर एक दिवस गैरहजर राहणाऱ्या मजुराची दोन दिवसांची मजुरी कापली जाई. त्या पद्धतीला ‘डबल कट’ असे नाव होते आणि ते नाव आजही वृद्धांच्या तोंडी ऐकू येते. हडर्सफील्डचा गिरणीकामगार बुडालेला एक दिवस मागत होता. त्याच शतकात उसाच्या मळ्यातील मजुराचा एक दिवस बुडाला की दुसराही हिरावून घेतला जात होता. दोघांचे देश भिन्न होते, परंतु दोघांच्या जीवनात दंड हा शब्द किती जवळचा होता, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन अधिक स्पष्ट होईल.

सिडनी येथे 1907 साली जी लीग स्थापन झाली आणि 1908 पासून जिचे सामने सुरू झाले, तिच्या मुळाशीही असेच एक दुःख होते. ॲलेक्स बर्डन नावाचा खेळाडू खेळताना जायबंदी झाला, त्याला कामावर जाता येईना, आणि तत्कालीन रग्बी संघटनेने त्याच्या नुकसानीची दखल घेतली नाही. त्या अन्यायाची चर्चा शहरभर झाली व नव्या खेळाला अनुयायी मिळाले. जखमी खेळाडूचे काय करावयाचे, हा प्रश्न अशा रीतीने या खेळाच्या पाळण्यातच ठेवलेला होता.

क्वीन्सलंडची कथा तर या पुस्तिकेच्या वाचकांना अधिकच आपली वाटेल. तेथेही ऊस होता, आणि 1863 ते 1904 या काळात दक्षिण प्रशांत महासागरातील बेटांवरून सुमारे बासष्ट हजार मजूर करारावर, कित्येकदा फसवून वा बळजबरीने, त्या मळ्यांवर आणले गेले. 1901 साली ऑस्ट्रेलियाच्या नव्या संसदेने कायदा करून त्यांतील बहुतेकांना परत धाडण्याची तजवीज केली. जे थोडे मागे राहिले, त्यांच्या वंशजांनी पुढे रग्बी लीगच्या मैदानावर नाव मिळविले. ऑस्ट्रेलियाचा विख्यात कर्णधार मॅल मेनिंगा हा त्याच परंपरेतला असून त्याच्या पूर्वजांचे मूळ व्हानुआटूतील टान्ना बेटाकडे जाते. हात अनेकदा मोडूनही तो खेळत राहिला आणि ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर चार वेळा इंग्लंडच्या दौऱ्यावर जाणारा पहिला खेळाडू ठरला. उसाच्या मळ्यातून राष्ट्राच्या कर्णधारपदापर्यंतचा तो प्रवास गिरमिटियांच्या कोणत्याही नातवंडाला अभिमान वाटावा असाच आहे.

आता प्रत्यक्ष खेळाकडे वळू या. प्रत्येक बाजूस तेरा गडी असतात. चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकविणे हे उद्दिष्ट. चेंडू नेणाऱ्या गड्याला प्रतिपक्ष धरतो व खाली पाडतो. ती पकड, म्हणजेच टॅकल, पूर्ण झाली की तो गडी उठतो, चेंडू पायाने मागे सरकवितो व खेळ पुढे चालू होतो. अशा सहा पकडी होईपर्यंत चेंडू एका बाजूकडे राहतो आणि नंतर दुसऱ्या बाजूकडे जातो. यामुळे पडलेला गडी किती लवकर उठतो यावर सारा डाव अवलंबून असतो. तो झटपट उठला तर बचाव करणाऱ्यांना जागेवर परतण्यास वेळ मिळत नाही, आणि त्याला क्षणभर अधिक दाबून ठेवता आले तर बचावाची फळी नीट उभी राहते. या एका क्षणाच्या लोभातूनच धोकादायक पकडींचा बहुतांश उगम झाला आहे. एकाने धरण्याऐवजी तिघांनी धरावयाचे, वरच्यांनी छाती जखडावयाची व तिसऱ्याने पायांना भिडावयाचे, अशी युक्ती रूढ झाली. कुस्तीचे वस्ताद नेमून क्लबांनी हे शास्त्र खेळाडूंना शिकविले.

धोक्याच्या या प्रकारांना स्वतंत्र नावे पडली आहेत. धावत्या गड्याच्या गळ्यावर वा डोक्यावर हात येणे ही ‘उंच पकड’. त्याला उचलून डोक्याच्या दिशेने जमिनीत रोवणे ही ‘स्पिअर’, अर्थात भाल्यासारखी पकड. पुढे वाकलेल्या गड्याच्या मानेवर आपल्या शरीराचा भार टाकणे ही ‘क्रशर’. मागून धरून त्याच्या पोटऱ्यांवर आणि घोट्यांवर आपले बूड आदळणे हा ‘हिप-ड्रॉप’. पहिल्या दोहोंत डोके आणि मणका, तिसरीत मान, व चौथीत घोटा आणि गुडघा यांचा बळी जातो. उचललेल्या गड्याचे पाय कंबरेवर, म्हणजे आडव्या रेषेच्या वर गेले की पुढील जबाबदारी उचलणाऱ्याची, असा दंडक आहे. ज्याने दुसऱ्याचे शरीर आपल्या ताब्यात घेतले, त्याने ते सुखरूप खाली ठेवले पाहिजे. यात नीतीचा जो अंश आहे, तो पाठ्यपुस्तकातही शोभेल.

या प्रमादांचे शासन कसे होते, तेही पाहण्याजोगे आहे. मैदानावर पंच असतो. तो दोषी गड्यास दहा मिनिटे बाहेर बसवू शकतो वा कायमचे घालवून देऊ शकतो. परंतु खरा न्यायनिवाडा सामना संपल्यावर होतो. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगमध्ये एक परीक्षण समिती प्रत्येक सामन्याचे चित्रण पुन्हा पाहते व ज्यात दोष दिसेल त्या खेळाडूवर आरोप ठेवते. उंच पकडीच्या आरोपाचे तीन वर्ग आहेत: निष्काळजी, बेपर्वा आणि हेतुपुरस्सर. प्रत्येक वर्गात सौम्य ते गंभीर असे दर्जे असतात. खेळाडूने दोष लवकर मान्य केला तर शिक्षा कमी होते. मान्य नसेल तर त्याला न्यायमंडळापुढे जाता येते. तेथे अध्यक्षस्थानी कायद्याचा जाणकार असतो, दोन्ही बाजूंनी वकील बोलतात, चित्रण पुढे-मागे करून दाखविले जाते, आणि निर्णयात निवृत्त खेळाडूंचा वाटा असतो. ज्याने स्वतः शेकडो पकडी केल्या व सोसल्या, त्यानेच दुसऱ्याच्या पकडीचा न्याय करावा, ही कल्पना पंचांमुखी परमेश्वर मानणाऱ्या आणि बैठकीत भांडणे मिटविणाऱ्या समाजाला परकी वाटणार नाही.

ही शिस्त एका दिवसात आलेली नाही. 1970च्या दशकात सिडनीच्या मैदानांवर ठोसे, कोपर आणि रक्त हे सामन्याचे अंगच मानले जाई. 1980च्या दशकाच्या प्रारंभी न्यायमंडळाचे अध्यक्ष झालेले जिम कोमन्स हे व्यवसायाने कायदेपंडित होते. त्यांनी कठोर हात उगारला. 1982 साली बॉब कूपर या खेळाडूने मैदानावरील मारामारीत प्रतिस्पर्ध्याचा जबडा फोडला, तेव्हा त्याला पंधरा महिन्यांची बंदी झाली. 1983 साली लेस बॉइडच्या कोपराने डॅरिल ब्रोमनचा जबडा मोडला, त्याबद्दल बॉइडला बारा महिने खेळाबाहेर राहावे लागले. कित्येकांना ह्या शिक्षा अतिरेकी वाटल्या. परंतु आपल्या मुलांना या खेळाकडे पाठवावे की नाही असा विचार करणाऱ्या मातांनी त्यांचे स्वागतच केले असेल, यात शंका नाही.

‘खांद्याची धडक’ या प्रकाराची हकीकत अधिक बोधप्रद आहे. हात न लावता केवळ खांदा पुढे करून समोरच्याला उडवून देणे हे कित्येक वर्षे वैध होते आणि प्रेक्षकांना अत्यंत प्रियही होते. 2012 साली लीगने त्याचा अभ्यास केला. त्या वर्षीच्या सुमारे एक लक्ष बेचाळीस हजार पकडींत अशा धडका केवळ 0.05 टक्के होत्या, परंतु त्यांतील 17 टक्के धडकांत प्रतिपक्षाच्या डोक्याला आघात झाला होता. 2013 पासून ती धडक निषिद्ध ठरली. खेळ मवाळ झाला अशी ओरड झाली. दोनच वर्षांनी, जून 2015 मध्ये, क्वीन्सलंडच्या राज्यस्तरीय स्पर्धेत जेम्स ॲकरमन हा पंचवीस वर्षांचा खेळाडू अशाच एका धडकेनंतर कोसळला आणि दोन दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. त्यानंतर ती ओरड बरीच क्षीण झाली. नियम मोडला गेला म्हणून नियम निरुपयोगी होता असे नव्हे. तो कशासाठी केला होता, हे त्या मृत्यूने सर्वांस दाखवून दिले.

परंतु शिक्षेच्या मूळ प्रश्नाचा कस ज्या प्रसंगी लागला, तो प्रसंग 24 मार्च 2014चा. मेलबर्न येथे मेलबर्न स्टॉर्म आणि न्यूकॅसल नाइट्स यांचा सामना चालू होता. न्यूकॅसलचा ॲलेक्स मॅकिनन हा बावीस वर्षांचा तरुण चेंडू घेऊन धावत आला. स्टॉर्मच्या तिघांनी त्याला धरले. दोघांनी वरचा भाग जखडला, जॉर्डन मॅक्लीन याने पाय उचलले, आणि मॅकिनन मानेवर पडला. मानेतील चौथा व पाचवा मणका मोडला. तो पुन्हा कधीही खेळू शकला नाही. त्याचे उर्वरित आयुष्य चाकांच्या खुर्चीशी बांधले गेले.

मॅक्लीनवर धोकादायक रीतीने फेकल्याचा आरोप आला आणि तो न्यायमंडळापुढे उभा राहिला. बचावाच्या वतीने असे मांडण्यात आले की, मॅकिननने पडताना डोके आत घेतले आणि त्यामुळे अनर्थ ओढवला. न्यायमंडळाने मॅक्लीनला दोषी ठरविले व सात सामन्यांची बंदी घातली.

सात सामने! एकीकडे सात आठवडे आणि दुसरीकडे संपूर्ण आयुष्य. हा तराजू पाहून कोणाचेही मन अस्वस्थ होईल. कित्येकांना वाटले की, शिक्षा फारच अल्प झाली. उलट कित्येकांनी म्हटले की, अशा पकडी प्रत्येक आठवड्यात घडतात, त्यांतील बहुतेकांत गडी उठून चालू लागतो, मग या एकालाच इतके आठवडे का? दोन्ही बोलण्यांत सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच हा प्रसंग विचारी माणसाला सहज सोडून देता येत नाही. शिक्षा हेतूला द्यावयाची की परिणामाला? हेतूला द्यावयाची तर मॅक्लीनच्या मनात कोणाची मान मोडण्याचा विचार होता असे त्याच्या शत्रूनेही म्हटले नाही. परिणामाला द्यावयाची तर जगातील कोणतीही बंदी त्या परिणामाच्या जवळपासही पोहोचत नाही.

याचे उत्तर बहुधा या दोहोंच्या मध्ये, कृतीच्या स्वरूपात शोधावे लागते. मनुष्य परिणामाचा स्वामी नसतो. पाय उचलावयाचे की नाहीत एवढेच त्याच्या हाती असते. म्हणून ज्या कृतीत असा अनर्थ दडलेला आहे, ती कृती अनर्थ घडो वा न घडो, सारख्याच गांभीर्याने शासित झाली पाहिजे. ज्या शेकडो प्रसंगी गडी उठून चालू लागला, त्या प्रसंगी पंचांनी आणि समितीने डोळेझाक केली असेल, तर मॅकिननच्या दुखापतीचा काही अंश त्या डोळेझाकीच्या माथी येतो. शिक्षकाचा अनुभवही असाच असतो. वर्गात रोज फेकले जाणारे खडू जो हसण्यावारी नेतो, त्याला एखाद्या मुलाच्या डोळ्याला इजा झाली त्या दिवशी अकस्मात कठोर होता येत नाही; झाला तरी त्या कठोरपणाला अर्थ उरत नाही.

मोठ्या खेळाडूला आणि मोठ्या सामन्याला वेगळा न्याय असावा काय, हा दुसरा प्रश्न. सप्टेंबर 2008 मध्ये मेलबर्न स्टॉर्मचा कर्णधार कॅमरन स्मिथ याने सॅम थायडे या प्रतिस्पर्ध्याची मान आवळल्याबद्दल त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्यांतला दुसरा सामना वर्षाचा अंतिम सामना होता. क्लबाने न्यायमंडळापुढे दाद मागितली, ती मान्य झाली नाही. कर्णधाराविना उतरलेला संघ अंतिम सामन्यात मॅनलीकडून 40–0 असा पराभूत झाला. ऑगस्ट 2021 मध्ये साउथ सिडनीच्या लॅट्रेल मिचेलने जोसेफ मानूला उंच पकडीत धडक दिली व मानूच्या गालाचे हाड मोडले. मिचेलला सहा सामन्यांची बंदी झाली आणि त्याचा तो हंगाम तेथेच संपला. त्याच्या संघाने अंतिम सामना पेन्रिथकडून 14–12 असा, केवळ दोन गुणांनी गमावला. तो असता तर निकाल फिरला असता काय, हा वाद त्या शहरात अद्याप चालू असेल. परंतु मानूही त्या काळात आपल्या संघासाठी खेळू शकला नाही, ही गोष्ट वाद घालणाऱ्यांच्या सहसा ध्यानात राहत नाही. अंतिम सामना आहे म्हणून कर्णधाराची शिक्षा माफ झाली असती, तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक शाळेच्या मैदानावरील मुलाला कळले असते की, नियम हे लहानांसाठी असतात.

न्यायमंडळाच्या पलीकडे देशाचे न्यायालयही आहे. 1985 साली स्टीव्ह रॉजर्स या नामांकित खेळाडूचा जबडा प्रतिपक्षाच्या मार्क बगडेन याच्या हाताने मोडला. रॉजर्सने फिर्याद केली, आणि 1993 साली अपील न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या खटल्यात खेळाडूबरोबर त्याचा क्लबही नुकसानभरपाईस जबाबदार ठरला. 2000 साली जॅरॉड मॅक्रॅकन याला दोन खेळाडूंनी उचलून मानेवर पाडले. त्याही प्रकरणात 2005 साली न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मैदानात पाऊल टाकणारा गडी खेळाच्या नियमांत बसणाऱ्या धोक्याला संमती देतो. नियमाबाहेरच्या आघाताला त्याची संमती गृहीत धरता येत नाही, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले. गणवेश अंगावर चढविला म्हणजे मनुष्य कायद्याच्या बाहेर गेला, असे होत नाही.

या व्यवस्थेत दोष नाहीत असे मात्र समजू नये. दोष लवकर मान्य केल्यास शिक्षा कमी, हा नियम सत्यप्रियतेला उत्तेजन देतो असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात एक सामना चुकेल की दोन, याचा हिशेब मांडून क्लब कबुली देतात. निर्दोष असल्याची खात्री असलेला खेळाडूही पुढील मोठ्या सामन्याच्या भयाने मान तुकवितो. पश्चात्ताप आणि सौदा यांत जे अंतर असते, ते येथे पुसले जाते. तसेच 2022 पासून सौम्य व पहिल्या अपराधाला बंदीऐवजी बहुधा पैशाचा दंड होतो. वर्षाला दहा लक्ष डॉलर मिळविणाऱ्याला आणि प्रथमच संघात आलेल्या तरुणाला तोच दंड! एकाला तो जाणवतही नाही, दुसऱ्याला मात्र तो बोचतो. मे 2021 मध्ये ब्रिस्बेनला एका आठवड्याच्या आठ सामन्यांत डोक्यावरील आघातांविरुद्ध अकस्मात मोहीम उघडण्यात आली. तिघांना कायमचे मैदानाबाहेर घालविले गेले आणि कितीतरी जणांना दहा-दहा मिनिटे बसविण्यात आले. हेतू स्तुत्य होता, पण हंगामाच्या मध्यावर बदललेली कठोरता खेळाडूंना अन्यायाची वाटली. शिस्त सातत्याने असावी लागते. लहरीने आलेली कठोरता आणि लहरीने आलेली माया या दोहोंनी मुले सारखीच बिघडतात.

तरीही या व्यवस्थेचे मोल ओळखण्यासाठी गिरमिटियांच्या वंशजांनी क्षणभर मागे वळून पाहावे. त्यांच्या पूर्वजांना मॉरिशसमध्ये कोणता न्याय मिळत होता? फिर्यादी मळेवाला, साक्षीदार त्याचाच सरदार, आणि आरोपी असा मजूर की ज्याला न्यायालयाची भाषाही कळत नसे. 1867च्या कायद्यानंतर करार पुरा केलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना जवळ बाळगावा लागे आणि तो नसेल तर भटक्या ठरवून तुरुंगात टाकले जाई. 1871 साली अडॉल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने 9,401 जुन्या मजुरांनी या छळाविरुद्ध अर्ज केला. त्यामुळे 1872 साली राजकीय आयोग बसला आणि 1875च्या त्याच्या अहवालाने त्या अन्यायांना दुजोरा दिला. दंड तेथेही होता, शिस्त हा शब्द तेथेही होता. परंतु आरोप काय आहे हे सांगणे, उलट बोलण्याची संधी देणे, पुरावा सर्वांसमोर ठेवणे आणि अपराधाच्या मानाने शिक्षा मोजणे, या चार गोष्टी तेथे नव्हत्या. त्या असतात तेव्हा दंडाला न्याय म्हणावे आणि त्या नसतात तेव्हा दंडाला जुलूम म्हणावे. एका चेंडूच्या खेळात आज एका खेळाडूच्या एका आठवड्याच्या बंदीसाठी वकील उभा राहतो, हे पाहून हसू येण्यापूर्वी, ज्यांच्यासाठी कधी कोणी उभे राहिले नाही त्यांचे स्मरण व्हावे.

शिक्षेबरोबर संरक्षणही वाढले आहे, ही समाधानाची बाब होय. 2021 पासून एखादा गडी प्रतिपक्षाच्या गैरपकडीने जखमी होऊन बाहेर गेला व दोषी गड्यास पंचाने बाहेर पाठविले, तर जखमी संघाला अठरावा राखीव गडी मैदानात आणता येतो. 2023 पासून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूस सर्वसाधारणपणे अकरा दिवस सक्तीची विश्रांती आहे. या काळजीला सबळ कारण आहे. 2019 साली ऑस्ट्रेलियातील दोन माजी व्यावसायिक रग्बी लीग खेळाडूंच्या मेंदूत, वारंवार आघातांनी होणारा आणि स्मृती व स्वभाव यांना ग्रासणारा रोग मरणोत्तर तपासणीत आढळला. 2015 साली नॉर्थ क्वीन्सलंडच्या संघाला विजेतेपद मिळवून देणारे मार्गदर्शक पॉल ग्रीन 2022 साली निवर्तले, तेव्हा त्यांच्याही मेंदूत तोच रोग दिसून आला. मोडलेला जबडा जुळतो, पण मेंदूवरील लहान लहान आघातांचा हिशेब वीस वर्षांनी पुढे येतो, आणि तो त्याच्या पत्नीला व मुलांना चुकता करावा लागतो.

तेव्हा मुलांना या खेळापासून दूर ठेवावे काय? तसे करणे हा भ्याडपणा होईल, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी काळे पाणी ओलांडले त्यांना तो शोभणार नाही. मुलांनी खेळावे, धावावे, पडावे आणि उठावे. परंतु त्यांना खेळाचे कौशल्य शिकविताना खेळाची जबाबदारीही शिकवावी. पकड कंबरेजवळ करावी, डोके आपलेही जपावे व दुसऱ्याचेही, आणि उचललेले शरीर हे कोणाच्या तरी मुलाचे आहे हे विसरू नये, एवढे त्यांना घरात सांगितले जावे. शिक्षा झाली तर ती न कुरकुरता भोगावी, आणि अन्यायाने झाली असे वाटले तर निर्भयपणे दाद मागावी. पालकांनीही आपला मुलगा दोषी ठरल्यावर पंचाला शिव्या न देता प्रथम जखमी मुलाच्या घरी जाऊन विचारपूस करावी. न्यायमंडळाची शिक्षा सात आठवड्यांनी संपते. परंतु खाली पडलेल्याजवळ जाऊन त्याला हात देण्याचे जे प्रायश्चित्त आहे, ते कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते आणि त्याला मुदतही नसते.